विद्यार्थी, कांस्यमूर्ति आणि बाजार

एखाद्या संस्थेचा खरा स्वभाव जाणावयाचा असेल तर तिचें ध्येयवाक्य वाचण्यापेक्षां तिच्या एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या नियमाचा इतिहास वाचावा, असें आमचें मत आहे. ध्येयवाक्य समारंभासाठीं असतें. नियम अडचणीच्या प्रसंगीं केलेला असतो, आणि आपणांस खरोखर काय प्रिय आहे हें संस्था अशाच प्रसंगीं बोलून जाते. अमेरिकेंतील विश्वविद्यालयांच्या इतिहासांत असा एक नियम आहे. महाविद्यालयाच्या संघांतून फुटबॉल खेळणाऱ्या तरुणानें आपलें कसब धंदेवाईक संघास केव्हां विकावें, हें तो ठरवितो. १९२६ सालीं तो प्रथम घालण्यांत आला. पुढें त्याचें रूप पालटलें, त्यावरून न्यायालयांत झगडे झाले, आणि गेल्या कांहीं वर्षांत त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. विद्येच्या रक्षणासाठीं हें कुंपण आहे, असें त्याचे कैवारी पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्या कुंपणाच्या आंत वस्तुतः कोणतें पीक राखलें जात होतें आणि तें कोणाच्या कोठारांत जात होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आमच्याकडे फुटबॉल म्हणतांच पायानें चेंडू मारण्याचा जो खेळ डोळ्यांपुढें येतो, तो हा नव्हे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन येथील विद्यार्थ्यांमध्यें जो सामना झाला, तो अमेरिकेंतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना मानितात. परंतु त्या वेळचा खेळ आणि आजचा खेळ यांत नांवापलीकडे फारसें साम्य राहिलेलें नाहीं. येलच्या वॉल्टर कँप यानें १८८० सालीं सुचविलेल्या नियमानें खेळास निराळें वळण लागलें. त्यापूर्वीं चेंडूभोंवतीं दोन्ही पक्षांची झोंबाझोंबी होई. आतां चेंडू एका पक्षाच्या स्वाधीन करून तो मागें उभ्या असलेल्या एका गड्याकडे द्यावयाचा, असें ठरलें. हा मागचा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. १९०६ सालीं चेंडू हातानें पुढें फेंकण्याची मुभा मिळाली, आणि १९४० च्या सुमारास ‘टी’ नांवाची व्यूहरचना नव्या रूपानें प्रचारांत येतांच हा गडी सर्व खेळाचा सूत्रधार बनला. ८ डिसेंबर १९४० रोजीं शिकागो बेअर्स या संघानें वॉशिंग्टनच्या संघाचा ७३–० असा फडशा पाडला, तेव्हां या व्यूहाची थोरवी साऱ्या देशास पटली. बुद्धिबळाच्या पटावरचा वजीर आणि पट मांडून बसलेला बुद्धिबळपटू हीं दोन्ही कामें एकाच माणसानें करावीं, आणि तींहि अंगावर चालून येणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या देखत तीन-चार सेकंदांत करावीं, असें या स्थानाचें स्वरूप आहे. म्हणून जो प्रश्न सर्वच खेळाडूंचा आहे, तो क्वार्टरबॅकच्या बाबतींत अधिक तीव्र होतो. त्याची किंमत सर्वांत मोठी, त्याला परिपक्व व्हावयास लागणारा काळ दीर्घ, आणि एका धक्क्यानें खांदा किंवा गुडघा निकामी होण्याचें भय नेहमींचेंच.

विद्यार्थ्यानें खेळाबद्दल पैसा घेऊं नये, ही कल्पना मूळची अमेरिकेची नव्हे. ती इंग्लंडांतून आली. तेथें खेळ हा सुखवस्तु घराण्यांतील गृहस्थांचा विरंगुळा होता, आणि मजुरी बुडवून खेळणाऱ्यास भरपाई देणें म्हणजे त्या विरंगुळ्यास विटाळ करणें, असें मानलें जाई. क्रिकेटमध्यें ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद १९६२ सालापर्यंत टिकला, हें क्रिकेटच्या शौकिनांस ठाऊकच आहे. ज्यांच्या घरीं जमीनजुमला होता, त्यांना हा सोंवळेपणा परवडत होता. अमेरिकेंतील विश्वविद्यालयांनीं तो उचलला, पण त्यांत एक सोयीस्कर फरक केला: खेळाडूनें खेळापासून पैसा घ्यावयाचा नाहीं, विश्वविद्यालयानें घ्यावयास मात्र हरकत नाहीं.

येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यांस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हजारों प्रेक्षक तिकिटें काढून लोटत होते. १९०५ च्या हंगामांत अनेक तरुण या खेळापायीं प्राणांस मुकले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं या तीन विश्वविद्यालयांच्या प्रतिनिधींस बोलावून घेऊन खेळांतील रानटीपणास आळा घालण्यास सांगितलें. त्या खळबळींतून १९०६ सालीं महाविद्यालयांचें एक मंडळ स्थापन झालें. १९१० पासून तें ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथ्लेटिक असोसिएशन’ या नांवानें ओळखलें जातें. हौशीपणाचा झेंडा या मंडळानें खांद्यावर घेतला. तो झेंडा किती फाटका होता, हें कार्नेजी फाउंडेशनच्या १९२९ च्या अहवालानें उघड केलें. शंभरांवर संस्थांची पाहणी करून त्यानें दाखवून दिलें कीं, खेळाडूंस आडमार्गानें पैसा, नोकऱ्या व शिष्यवृत्त्या पुरविण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणीं रुजलेला आहे.

अशा वातावरणांत १९२५ सालीं रेड ग्रेंज याचें प्रकरण घडलें. इलिनॉय विश्वविद्यालयाचा हा विद्यार्थी क्वार्टरबॅक नव्हता. चेंडू घेऊन धांवणारा हाफबॅक होता. आदल्या वर्षीं मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार वेळां त्यानें चेंडू अखेरच्या रेषेपार नेला, तेव्हांपासून तो राष्ट्राचा लाडका झाला होता. उन्हाळ्यांत तो आपल्या गांवीं घरोघर बर्फाच्या लाद्या पोंचविण्याचें काम करी. नोव्हेंबर १९२५ मध्यें महाविद्यालयांतील शेवटचा सामना संपतांच त्यानें शिकागो बेअर्स या धंदेवाईक संघाची वाट धरली, आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेस तो त्या संघातर्फे मैदानांत उतरला. पदवी राहून गेली. धंदेवाईक संघांची संस्था १९२० सालीं ओहायओंतील कँटन येथें स्थापन झाली होती व १९२२ पासून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हें नांव तिनें घेतलें होतें. परंतु अद्याप तिचा संसार ओढगस्तीचाच होता. ग्रेंजच्या नांवावर तिला गर्दी मिळाली. डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या मैदानावर साठ हजारांहून अधिक लोक जमले.

विश्वविद्यालयांच्या वर्तुळांत मात्र हाहाकार उडाला. ग्रेंजचा क्रीडाशिक्षक बॉब झुप्की याचीहि इतराजी झाली. आपण फुटबॉल शिकवून पोट भरतां, मग मीं तें खेळून भरलें तर काय बिघडलें, अशा आशयाचें उत्तर आपण त्यास दिलें, असें ग्रेंज पुढें सांगत असे. या उत्तरास प्रत्युत्तर सांपडणें कठीण होतें. नियम करणें सोपें होतें. विद्यार्थी ज्या वर्गांत दाखल झाला तो वर्ग पदवीधर होईपर्यंत त्यास कोणत्याहि संघानें घेऊं नये, असें लीगनें १९२६ सालीं ठरविलें.

या नियमाची शब्दयोजना बारकाईनें पाहण्याजोगी आहे. वर्ग पदवीधर झाला पाहिजे. त्या विद्यार्थ्यानें स्वतः पदवी घेतली पाहिजे, असें त्यांत कोठेंहि नाहीं. वर्षें लोटलीं म्हणजे झालें. त्या वर्षांत त्यानें ग्रंथालयाची पायरी चढली कीं नाहीं, हें विचारण्याचें कारण कोणास वाटलें नाहीं. विद्येचें रक्षण हाच हेतु असता, तर अट विद्येची घातली असती. घातली ती काळाची. कारण विश्वविद्यालयांस हवा होता खेळाडूचा काळ, आणि लीगला हवी होती विश्वविद्यालयांची मर्जी. एका पक्षाचा उत्पन्न देणारा गडी मुदतीपूर्वीं हातचा जाईनासा झाला. दुसऱ्या पक्षास तयार झालेला, गाजलेला गडी त्याच्या शिक्षणावर एक पैहि खर्च न करतां मिळूं लागला. दोन व्यापाऱ्यांनीं आपसांत केलेला हा तह होता. ज्याच्याविषयीं तो झाला, त्याची सही त्यावर नव्हती.

यानंतर नऊ वर्षांनीं कांस्यमूर्तीचा या कथेंत प्रवेश होतो. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथ्लेटिक क्लबनें १९३५ सालीं महाविद्यालयीन फुटबॉलमधील उत्कृष्ट खेळाडूसाठीं एक पारितोषिक ठेविलें. दुसऱ्या वर्षीं क्लबचे क्रीडासंचालक जॉन हाइझमन वारले आणि पारितोषिकास त्यांचें नांव मिळालें. फ्रँक एलिस्क्यू या तरुण शिल्पकारानें घडविलेली ही मूर्ति, एका हातानें चेंडू कवटाळून दुसऱ्या हातानें प्रतिस्पर्ध्यास दूर सारीत धांवणाऱ्या गड्याची आहे. पहिली मूर्ति शिकागो विश्वविद्यालयाच्या जे बरवँगर यास मिळाली. १९३६ च्या फेब्रुवारींत लीगनें महाविद्यालयीन खेळाडूंची आपसांत वांटणी करण्याची ‘ड्राफ्ट’ नांवाची पद्धति सुरू केली. गतहंगामांत सर्वांत दुबळ्या ठरलेल्या संघानें पहिली निवड करावयाची, आणि एका संघानें निवडलेल्या गड्याशीं लीगमधील दुसऱ्या संघानें बोलणें लावावयाचें नाहीं, असें तिचें स्वरूप होतें. या पहिल्या वांटणींतील पहिलें नांवहि बरवँगरचेंच. पण धंदेवाईक फुटबॉल तो एकहि दिवस खेळला नाहीं. त्याची मागणी आणि मालकाचा देकार यांचा मेळ बसला नाहीं, आणि पदवी घेऊन तो व्यवसायांत शिरला. ती मूर्ति त्याच्या नात्यांतील एका बाईच्या घरीं, दार मिटूं नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेली असे, अशी आख्यायिका आहे.

पुढील मानकऱ्यांची हकीकतहि अशीच आहे. १९३६ चा लॅरी केली शिक्षक झाला. १९३७ चा क्लिंट फ्रँक जाहिरातीच्या धंद्यांत गेला. दोघेहि येलचे, लीगमध्यें कोणीच खेळला नाहीं. १९३८ चा डेव्ही ओब्रायन हा टेक्सासचा क्वार्टरबॅक दोन हंगाम खेळला आणि मग केंद्र सरकारच्या तपासखात्यांत नोकरीस लागला. १९३९ चा आयोवाचा नाइल किनिक कायद्याच्या अभ्यासाकडे वळला, आणि १९४३ सालीं नौदलाच्या विमानाच्या सरावांत मरण पावला. या पांच तरुणांच्या निःस्पृहतेचे गोडवे गाणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें हिशेबाची वही मिटून ठेवूं नये. त्या काळीं पदवीधरास व्यापारांत किंवा वकिलींत जें मिळण्याजोगें होतें, त्याच्या मानानें फुटबॉलचा मोबदला अल्प होता, आणि प्रतिष्ठा त्याहून अल्प. पदवीची वाट सन्मानाची होती. ती किफायतीचीहि होती.

ज्या शिकागो विश्वविद्यालयाच्या पदरीं पहिली मूर्ति पडली, त्यानें तर १९३९ सालीं, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या पुढाकारानें, आपला फुटबॉलचा संघच मोडून टाकला. तीन वर्षांनीं, २ डिसेंबर १९४२ रोजीं, त्याच मैदानाच्या बैठकींखालीं अणुविघटनाची पहिली स्वयंचलित व नियंत्रित साखळी सिद्ध करण्यांत आली. फुटबॉलवांचून विश्वविद्यालयाचें कांहीं अडत नाहीं, याचा यापेक्षां ठसठशीत पुरावा मिळणें कठीण. तथापि हा कित्ता मोठ्या संस्थांपैकीं फारशा कोणी गिरविला नाहीं.

पुढें हिशेब पालटला. दूरचित्रवाणीनें सामना घरोघर पोंचविला, आणि १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें प्रक्षेपणाच्या हक्कांवरील मंडळाची पकड मोडतांच मोठ्या विश्वविद्यालयांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. खेळाडू शिष्यवृत्तीपुरताच धनी राहिला. मंडळाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या कारकीर्दींत, १९५० नंतरच्या दशकांत, ‘स्टुडंट-अ‍ॅथ्लीट’, म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’, हा जोडशब्द रूढ करण्यांत आला. त्या सुमारास कोलोरॅडोंत फुटबॉल खेळतांना मृत्यु पावलेल्या एका तरुणाच्या विधवेनें कामगारांस मिळते तशी नुकसानभरपाई मागितली होती, आणि १९५७ सालीं ती नाकारली गेली. अशा मागण्यांपासून बचाव व्हावा यासाठींच तो शब्द योजिला होता, हें बायर्स यांनीं निवृत्तीनंतर १९९५ च्या आपल्या ग्रंथांत मान्य केलें आहे. शब्दाची ढाल कशी होते, याचा हा उत्तम मासला आहे.

बाजारांतील भाव असे चढत असतां १९२६ चा तह टिकणें शक्य नव्हतें. मोठा तडा १९८३ सालीं गेला. जॉर्जिया विश्वविद्यालयाच्या हर्शल वॉकर यानें आपल्या तिसऱ्या वर्षीं, १९८२ सालीं, हाइझमन पारितोषिक मिळविलें होतें; ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ ही प्रतिस्पर्धी संस्था निघतांच तिच्या न्यूजर्सीच्या संघानें चौथ्या वर्षाची वाट न पाहतां त्यास उचललें. १९८८ चा मानकरी बॅरी सँडर्स हाहि एक वर्ष शिल्लक असतां गेला. जुन्या लीगनें त्यास खास सवलत दिली. अखेर १९९० पासून नियमच बदलला. शाळेंतून बाहेर पडून तीन वर्षें झालीं असलीं म्हणजे खेळाडूस वांटणींत आपलें नांव घालतां येऊं लागलें. वाचकांनीं पुन्हां पाहावें: अट विद्येची नाहींच, ती काळाचीच आहे, एका वर्षानें आंखूड केलेली.

या नव्या दारानें जाणाऱ्या पहिल्या तुकडींत ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक अँड्रे वेअर होता. १९८९ चें पारितोषिक त्याचें. तें मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णी क्वार्टरबॅक. एक वर्ष शिल्लक ठेवून तो गेला, डेट्रॉइटच्या संघानें त्यास सातव्या क्रमांकावर निवडलें, आणि तेथें तो चार हंगामांत मोजक्याच सामन्यांत उतरला. दुसऱ्याच वर्षीं ब्रिगहॅम यंग विश्वविद्यालयाच्या टाय डेटमर यास तेंच पारितोषिक तिसऱ्या वर्षीं मिळालें. तो मात्र राहिला, त्यानें चौथें वर्ष पुरें केलें, आणि १९९२ च्या वांटणींत नवव्या फेरीपर्यंत त्यास कोणी विचारलें नाहीं. जाणारा फसला म्हणून राहणारा शहाणा, किंवा राहणारा फसला म्हणून जाणारा शहाणा, असें कोणतेंच सुभाषित रचण्याची सोय इतिहासानें ठेविलेली नाहीं.

याचें कारण असें कीं, मूर्ति आणि बाजार यांचीं मापें निराळीं आहेत. मूर्ति झालेल्या पराक्रमाची पावती देते; बाजार होऊं घातलेल्या पराक्रमाचा अंदाज विकत घेतो. १९९३ चा मानकरी चार्ली वॉर्ड हा क्वार्टरबॅक वांटणींत कोणीच निवडला नाहीं. तो बास्केटबॉलकडे वळला आणि न्यूयॉर्कच्या संघातर्फे खेळला. २००३ चा जेसन व्हाइट याचेंहि नांव कोणी घेतलें नाहीं. उलट ज्यास हें पारितोषिक कधींच मिळालें नाहीं व जो २००० च्या वांटणींत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला, तो मिशिगनचा टॉम ब्रॅडी पुढें सात अजिंक्यपदांचा धनी झाला. मूर्तीचा आणखी एक विरोधाभास आहे. ती धांवणाऱ्या गड्याची. परंतु २००० ते २०२३ या चोवीस वर्षांत ती वीस वेळां चेंडू फेंकणाऱ्या क्वार्टरबॅकच्याच हातीं गेली. तेव्हां जाण्या-राहण्याचा पेंच आतां मुख्यतः त्याचाच झाला होता.

राहिलेल्या तीन वर्षांच्या अटीसहि आव्हान मिळालें. ओहायओ स्टेट विश्वविद्यालयाचा मॉरिस क्लॅरेट हा पहिल्याच वर्षीं, २००२ सालीं, राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघांतील प्रमुख धांवपटू होता. पुढील वर्षीं महाविद्यालयानें त्यास खेळावयास बंदी केली, आणि लीगचें दार तर बंदच होतें. त्यानें दावा लावला. खालच्या न्यायालयांत तो जिंकला. परंतु मे २००४ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निकाल फिरविला. लीग आणि तिच्या खेळाडूंचा कामगारसंघ यांच्या संबंधांतील हा विषय आहे, मक्तेदारीविरोधी कायद्याचा तेथें शिरकाव नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्ति सोनिया सोटोमेयर पुढें सर्वोच्च न्यायालयावर गेल्या. कायद्याच्या दृष्टीनें निर्णय योग्य असेलहि. परंतु जो अद्याप कामगारसंघाचा सभासदच झालेला नाहीं, त्याच्या वतीनें त्या संघानें कबूल केलेली अट त्यास बांधते, हें ऐकून १९२६ च्या तहाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. क्लॅरेटला लीगमधील एकहि अधिकृत सामना खेळावयास मिळाला नाहीं.

यानंतरच्या कांहीं क्वार्टरबॅकांचे निर्णय शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियाचा मॅट लायनार्ट २००४ चा मानकरी. त्या वेळीं गेला असता तर पहिल्या क्रमांकानें निवडला जाईल, असा बोलबाला होता. तो राहिला. शेवटच्या सत्रांत पदवीसाठीं त्याला एकच विषय उरला होता, आणि तो त्यानें घेतला युगुलनृत्याचा. म्हणजे आठवड्याचे उरलेले दिवस फुटबॉलचे. २००६ सालीं त्याची निवड दहाव्या क्रमांकावर झाली. ओक्लाहोमाचा सॅम ब्रॅडफर्ड २००८ चा मानकरी. तोहि राहिला आणि पुढच्या हंगामांत खांदा दुखावून बसला. तथापि २०१० सालीं पहिली निवड त्याचीच झाली आणि सहा वर्षांसाठीं ७ कोटी ८० लक्ष डॉलरांचा करार त्यास मिळाला. दुसऱ्याच वर्षीं मालक आणि कामगारसंघ यांनीं नवागतांच्या मोबदल्यास मर्यादा घातली; २०११ ची पहिली निवड झालेला ऑबर्नचा कॅम न्यूटन याचा चार वर्षांचा करार सुमारें २ कोटी २० लक्ष डॉलरांचा ठरला. या खेपेसहि ज्याचा भाव ठरत होता तो बैठकींत नव्हता. पहिला करार असा आंखडल्यावर खरें धन दुसऱ्या करारांत राहिलें; तेव्हां शक्य तितक्या लौकर दाखल होऊन तो काळ संपविणें, हाच शहाणपणा ठरला.

या हिशेबाविरुद्ध वागणारा एक तरुण त्याच वेळीं निघाला. स्टॅनफर्डचा अँड्र्यू लक २०१० व २०११ या दोन्ही वर्षीं हाइझमनच्या मतदानांत दुसरा आला. २०११ सालीं त्यानें नांव घातलें असतें तर त्याचीच पहिली निवड होईल, असें बहुतेकांस वाटत होतें. मर्यादा येणार हेंहि दिसत होतें. तो राहिला, वास्तुरचनेच्या विषयांतील आपली पदवी त्यानें पुरी केली, आणि २०१२ सालीं पहिल्या क्रमांकानेंच निवडला गेला. पुढें दुखापतींनीं त्यास जर्जर केलें, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्यें, वयाच्या २९ व्या वर्षीं, त्यानें खेळ सोडला. याच्या अगदीं उलट टोक टेक्सास ए अँड एमच्या जॉनी मॅन्झिएलचें. खेळण्याच्या पहिल्याच वर्षीं, २०१२ सालीं, मूर्ति मिळविणारा तो पहिला तरुण. २०१४ सालीं तो गेला, आणि दोन हंगामांत त्याचा लीगमधील खेळ संपला. लकचें ज्ञान आणि मॅन्झिएलचा उतावळेपणा यांची तुलना करून उपदेश करणें आम्हां शिक्षकांस सोपें जातें. परंतु लकला स्टॅनफर्डमध्यें कोणत्याहि नियमानें अडकविलेलें नव्हतें. त्याची तीन वर्षें केव्हांच पुरी झालीं होतीं. दार सताड उघडें होतें. तो राहिला तो आपल्या इच्छेनें. या साऱ्या इतिहासांत विद्येच्या बाजूनें सांगण्याजोगी हीच गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

आणि मग, ज्या पैशास विटाळ मानलें होतें तो पैसा महाविद्यालयाच्या माजघरांत आला. २१ जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, शिक्षणाशीं संबंधित लाभांवर मर्यादा घालण्याच्या मंडळाच्या नियमांविरुद्ध एकमतानें निकाल दिला; १ जुलैपासून खेळाडूस आपलें नांव व छबि यांवर जाहिरातदारांकडून पैसे मिळविण्याची मोकळीक झाली. जून २०२५ मध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें तर विश्वविद्यालयानें स्वतःच खेळाडूंस पैसे देण्याचा मार्ग खुला केला. २०२५–२६ या वर्षासाठीं ही मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलर ठरली. परिणाम मौजेचा झाला. मुदतीपूर्वीं वांटणींत नांव घालणाऱ्यांची संख्या २०२१ पासून २०२४ पर्यंत सारखी घटत गेली. साठ-सत्तर वर्षें उपदेशानें जें साधलें नाहीं, तें रोख मोबदल्यानें साधलें. मात्र विद्यार्थी महाविद्यालयांत राहूं लागले तरी एकाच महाविद्यालयांत राहतील असें नाहीं. २०१९ चा मानकरी जो बरो ओहायओची पदवी घेऊन लुइझियानांत गेला होता. २०२२ चा केलेब विल्यम्स ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियांत आला होता. २०२३ चा जेडन डॅनिएल्स अ‍ॅरिझोनांत तीन आणि लुइझियानांत दोन असे पांच हंगाम खेळला. लक हाहि २०२४ च्या नोव्हेंबरांत स्टॅनफर्डला परतला; परंतु परतला तो फुटबॉलविभागाचा ‘जनरल मॅनेजर’ होऊन. असें पद त्या विश्वविद्यालयांत पूर्वीं नव्हतें. पदाचें नांव व्यापारी पेढीचें आहे, आणि निदान तें नांव तरी खोटें बोलत नाहीं.

हा बदल चांगला कीं वाईट, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारील. गरिबाघरच्या मुलास त्याच्या घामाचा मोबदला मिळाला, हें आम्हांस न्याय्यच वाटतें. त्याच्या अंगावर चालून येणारा गडी हौशी आहे कीं धंदेवाईक, हें पाहून गुडघा मोडत नाहीं. परंतु मोबदला मिळाला म्हणून विद्या मिळाली, असें मात्र होत नाहीं. आणि येथें आमच्यासारख्या अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या माणसांस अस्वस्थ करणारा भाग सुरू होतो. जोंपर्यंत नियमाचें कुंपण उंच होतें, तोंपर्यंत विद्यार्थी आमच्यापाशीं विद्येसाठीं राहिला आहे, अशी समजूत करून घेतां येत होती. तें कुंपण १९९० सालीं खालीं आलें, तेव्हां पुष्कळसे गेले. २०२१ नंतर पैसा आंत आला, तेव्हां पुष्कळसे थांबले. जाणें आणि थांबणें या दोन्हींचें कारण बाजारभावांतच सांपडतें. वर्गांत काय शिकविलें जात होतें, हा प्रश्न दोन्ही वेळां कोणी विचारला नाहीं.

विश्वविद्यालयास तरुणाचीं तीन-चार वर्षें मिळतात, आणि तीं त्याच्या आयुष्यांतील सर्वांत सकस वर्षें असतात. क्वार्टरबॅकच्या बाबतींत तर तीं त्याच्या कमाईच्या अल्प काळांतूनच कापून घेतलेलीं असतात. तीं त्यानें दिलीं, तर त्यांच्या बदल्यांत त्यास असें कांहीं मिळालें पाहिजे, कीं जें खांदा निखळल्यावरहि त्याच्यापाशीं राहील. तें कोणत्याहि नियमानें देतां येत नाहीं, आणि कोणत्याहि कराराच्या कलमांत लिहितां येत नाहीं. तें वर्गांतच द्यावें लागतें. शंभर वर्षांपूर्वीं ग्रेंजनें आपल्या शिक्षकास जें विचारलें, त्याचें उत्तर अमेरिकेंतील विश्वविद्यालयांनीं आतां पैसे मोजून दिलें आहे. त्याच्या हातून राहून गेलेल्या पदवीचें उत्तर मात्र त्यांच्याकडून अद्याप यावयाचें आहे.